चोराच्या पायातले बूट

१

पाकीट जागेवर होतं. फाईल जागेवर होती. पाकिटातलं पान तेवढं गेलं होतं.

मीनलने पाकीट उलटं करून झटकलं, फाईल झटकली, टेबलाखाली वाकून पाहिलं आणि मग कमरेवर हात ठेवून ती सगळ्यांकडे वळली. "चहाला उठताना मी ते अर्धं बाहेर काढून ठेवलं होतं. परत येऊन बघते तर पाकीट रिकामं. कोणी गंमत केली असेल तर आत्ताच सांगा. परवा प्रयोग आहे."

स्वयंपाकघरातून साबुदाणा वड्यांचा वास येत होता, आणि एरवी त्या वासाबरोबर आत धावणारी मंडळी जागच्या जागी उभी होती.

सिंगापूरच्या तोआ पायोह भागातल्या मीनलच्या फ्लॅटमध्ये ही मंडळी दर गुरुवारी संध्याकाळी जमायची आणि जुनी नभोनाट्यं बसवायची. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. प्रेक्षकांनी डोळे मिटायचे आणि ऐकायचं. या खेपेला हाती लागलं होतं 'घाटमाथ्यावरचा दिवा'. १९७४ साली तेरा आठवडे रेडिओवर चाललेली रहस्यमालिका. घाटातल्या बंगल्यात एका कंत्राटदाराचा खून होतो, आणि संशय चौघांवर असतो: डॉक्टर, कंत्राटदाराची बायको, चौकीदार आणि पोस्टमास्तर. खुनी कोण, ते तेराव्या भागाच्या शेवटच्या पानावर. त्या पानाची जगात एकच प्रत होती, आणि फाईल आणणाऱ्याखेरीज ती अजून कोणी वाचली नव्हती.

"गेलं म्हणजे कुठे गेलं?" उद्धवराव पुटपुटले. इतक्या हळू, की ते कोणाला ऐकूही गेलं नाही.

उद्धवराव सेरंगूनला मुलीकडे राहत. त्यांची पस्तीस वर्षं साताऱ्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये, कानाला हेडफोन लावून तारांमधले बिघाड शोधण्यात गेली होती. त्यामुळे ऐकायची सवय फार, बोलायची जवळजवळ नाहीच. गटात त्यांचं काम फाईल सांभाळायचं आणि कोणी वाक्य विसरलं तर हळूच सुचवायचं. पण या मालिकेत त्यांचा जीव अडकला होता. सतरा वर्षांचे असताना पहिले बारा भाग त्यांनी शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून ऐकले होते. तेराव्याच्या वेळी ते बहिणीच्या लग्नाला निघालेल्या वऱ्हाडाच्या एस.टी.त होते. परत आल्यावर विचारलं, तर मामा म्हणाले डॉक्टर, शेजारच्या काकू म्हणाल्या बायको, आणि वर्गातल्या मित्राने आईची शपथ घेऊन चौकीदार सांगितला. याला एकावन्न वर्षं झाली. खरं काय ते उद्धवरावांना अजून कळलेलं नव्हतं.

"काका, राग मानू नका हं," शिवांगी म्हणाली. ती इथल्या विद्यापीठात शिकत होती आणि नाटकात कंत्राटदाराची बायको होती. "पण ते पान वाचायची सगळ्यात जास्त घाई तुम्हालाच होती."

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. उद्धवरावांचे कान लाल झाले, आणि क्षणभर त्यांना स्वतःचीच शंका आली.

२

"काहीतरीच काय!" मीनल म्हणाली. "काका सगळा वेळ माझ्या शेजारी वडे थापत होते. आणि तू तिथेच उभी राहून अर्धी चटणी संपवलीस."

"मग उरलं कोण?"

उरले दोघे. एक निशिकांतकाका. वय सत्त्याहत्तर, तरुणपणापासून रेडिओ केंद्रावर ध्वनिपरिणाम देणारे. मुलाकडे महिनाभर राहायला आले होते आणि रविवारच्या विमानाने पुण्याला परत जायचे होते. मालिकेची ही फाईल त्यांनीच आणलेली. खुनी आधी फुटू नये म्हणून शेवटचं पान पाकिटात बंद करून ठेवलं होतं, तेही त्यांनीच. खिडकीशी त्यांचं टेबल असे. पावसासाठी परातीत तांदूळ, ढगांच्या गडगडाटासाठी टांगलेला पत्रा, एक फळी, जुन्या बुटांचा जोड, आणि लाकडी चौकटीत बसवलेलं हातभर उंचीचं, कडीकोयंड्याचं दार. गटातली मुलं त्यांना गुरुजी म्हणत. चहाच्या वेळी पाठ दुखते म्हणून ते आतल्या खोलीत आडवे झाले होते.

दुसरा रुचिर. वन-नॉर्थच्या प्रयोगशाळेत संशोधन करणारा, नाटकातला इन्स्पेक्टर. तो मध्येच खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यावरून करी पफ आणायला गेला होता आणि आत्ता हातात तेलकट पिशवी घेऊन उभा होता.

"थांबा," मीनल एकदम म्हणाली. "माझा फोन! तालमीची वेळ मोजायला रेकॉर्डिंग लावलं होतं, ते मी बंदच केलं नाही!"

फोन टेबलावर उभा होता आणि अजून इमानदारीने चालू होता. मीनलने रेकॉर्डिंग पुढे सरकवत नेलं. स्वयंपाकघरातला पंखा, भांडी, तिचंच हसणं. मग एकाएकी ते आलं.

कर्रर्र... दार उघडलं.

टॉक. टॉक. टॉक. बुटांची सावकाश पावलं. नऊ मोजली उद्धवरावांनी.

कागदाची सळसळ. क्षणभर शांतता.

पुन्हा टॉक, टॉक, नऊ वेळा. कर्रर्र. आणि कडी पडली.

शिवांगीने स्वतःच्या दंडावरचा काटा चोळला. "ओ माय गॉड. बाहेरून कोणीतरी आलं होतं."

"बाहेरचाच कोणी असणार," निशिकांतकाका घाईने म्हणाले. "आपल्यातला कोणी नाही. मी म्हणतच होतो."

पण शिवांगीची नजर दाराबाहेरच्या चपलांच्या रॅककडे गेली होती. तिथे सगळ्यांच्या चपला होत्या, आणि एकच काळ्या कातडी बुटांचा जोड. रुचिरची ऑफिसात मीटिंग होती, तो तिथूनच आला होता.

"रुचिर," ती म्हणाली, "तू घाईत बूट न काढता आत आला होतास का?"

"मी?" रुचिरने पिशवी टेबलावर आपटली. "मी कशाला पान घेईन? माझंच वाक्य आहे त्याच्यावर!"

"म्हणूनच. तुला पाठ करायचं असेल आधी."

"वा! तुम्हाला सगळ्यांना असंच वाटतं का?" तो वाट पाहत थांबला. निशिकांतकाकांनी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. "ठीक आहे. शनिवारी दुसरा इन्स्पेक्टर बघा."

तो निघून गेला. सिंगापूरच्या सरकारी वसाहतींमध्ये घराच्या दाराबाहेर लोखंडी जाळीचं आणखी एक दार असतं. ते त्याने असं ओढलं, की धडाम् खणण्ण असा आवाज अकराव्या मजल्याच्या व्हरांड्यातून घुमत गेला.

उद्धवराव दचकले. आवाज मोठा होता म्हणून नव्हे. त्या आवाजावरून त्यांना काहीतरी खटकलं होतं, आणि काय खटकलं तेच सापडत नव्हतं.

जाताना त्यांनी सगळं धैर्य गोळा केलं आणि मीनलला म्हणाले, "ते रेकॉर्डिंग... मला पाठवशील का? सगळं. कापू नको."

३

शुक्रवारी सकाळी मुलगी ऋता ऑफिसला निघाली, तेव्हा वडील जेवणाच्या टेबलाशी हेडफोन लावून डोळे मिटून बसले होते.

"बाबा, पोहे गार होतायत."

"तिसऱ्यांदा ऐकतोय."

"पोहे?"

त्यांनी हात हलवून तिला घालवून दिलं. काल सगळ्यांनी ऐकलं ते दारापासून दारापर्यंत, मिनिटभर. एक्सचेंजमध्ये उद्धवरावांनी असं कधी केलं नव्हतं. बिघाड जिथे वाजतो तिथे तो नसतो, हे त्यांना पस्तीस वर्षांनी शिकवलं होतं. तार या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकायची. चहाची सगळी अकरा मिनिटं त्यांनी ऐकली.

पहिल्या मिनिटाला खणण्ण. रुचिर करी पफ आणायला गेला.

दहाव्या मिनिटाला खणण्ण. रुचिर परत आला.

आणि चोर? चोर आला सहाव्या मिनिटाला, गेला सातव्याला. जाळी एकदाही वाजली नाही.

उद्धवरावांनी हेडफोन काढले. आपण म्हातारे, आपला कान तो काय, आपलं चुकत असेल. पुन्हा लावले. नव्हतं चुकत. मग ते पावलांकडे वळले. माणूस चालत दूर गेला की पावलं बारीक होत जातात. ही नऊच्या नऊ पावलं एकाच अंतरावर पडत होती, जणू चोर जागच्या जागी चालत होता. आणि आवाज होता लाकडाचा. मीनलच्या घरात सगळीकडे फरशी.

अकरा वाजता ते एमआरटी मेट्रोने तोआ पायोहला पोहोचले. मीनल घरूनच काम करत होती; कानात मीटिंग चालू ठेवून तिने दार उघडलं. उघडायचं तरी काय, आतलं लाकडी दार वाऱ्यासाठी उघडंच होतं.

"हे कालही उघडंच होतं ना?" उद्धवरावांनी विचारलं.

"तळण असलं की उघडंच असतं, काका. नाहीतर धुराचा वास आठवडाभर जात नाही."

त्यांनी दार हळूच लोटलं, पुन्हा उघडलं. बिजागरीतून चकार शब्द आला नाही. मग जाळी धरली आणि अगदी चोराच्या बेताने, श्वास रोखून सरकवली. खणण्ण.

समोरच्या फ्लॅटमधली चिनी आजी व्हरांड्यात कुंड्यांना पाणी घालत होती. मीनलने तिला काल संध्याकाळचं विचारलं. आजीने झारी खाली ठेवली. "नो वन कम, लाह! आय सिट हिअर होल ईव्हनिंग. ओन्ली द करी पफ फेलो. व्हेरी अँग्री फेलो."

"मीनल, एक आठव," उद्धवराव म्हणाले. "ते पान अर्धं बाहेर काढलंस तेव्हा त्यावर काय दिसलं?"

"वाचलं नाही हो, तुमची शपथ! चहानंतर सगळ्यांनी एकदम वाचायचं ठरलं होतं ना. पण..." तिने डोळे बारीक केले. "खालच्या बाजूला लाल पेन्सिलीने काहीतरी खरडलेलं होतं. दोन-तीन ओळी. मी म्हटलंसुद्धा, 'अरे, हे लाल काय आहे?' आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली."

"तेव्हा जवळ कोण होतं?"

"मी, आणि..." मीनल थांबली. तिच्या कानात कोणीतरी इंग्रजीतून तिचं नाव घेऊन हाका मारत होतं, पण ती उद्धवरावांकडे पाहतच राहिली. "काका, नाही हो. शक्यच नाही."

उद्धवरावांनी मान खाली घातली. कोणाकडे बोट दाखवायची वेळ त्यांच्यावर आयुष्यात आली नव्हती, आणि आता आली होती ती नेमकी गटातल्या सगळ्यात लाडक्या माणसाकडे.

४

निशिकांतकाका मुलाच्या काँडोच्या आवारात, तरणतलावाकाठच्या बाकावर बसले होते. पाण्यात कोणाचीतरी लहान मुलं दंगा करत होती. उद्धवराव शेजारी बसले. पाच मिनिटं दोघेही तो दंगा ऐकत राहिले.

"निशिकांतराव," अखेर उद्धवराव म्हणाले, "कालचा चोर काही फार हुशार नव्हता. पण कलावंत मोठा होता."

निशिकांतकाकांनी मान वळवली नाही.

"खरा चोर आवाज टाळतो. याने एकही आवाज सोडला नाही. दार उघडलं ते कळावं, किती पावलं चालला ते कळावं, कागद उचलला ते कळावं. ऐकणाऱ्याची एवढी काळजी घेणारा चोर मी पहिल्यांदाच ऐकला."

मग निशिकांतकाकांचे खांदे हलायला लागले. उद्धवराव घाबरले, पण ते हसत होते.

"बुटांनी घात केला का?"

"बुटांनी, दाराने आणि मीनलच्या जाळीने. त्या घरात बूट घालून कोण फिरतो?"

"अहो, रेडिओवर अनवाणी चोर चालत नाही. ऐकूच येत नाही तो!" मग त्यांचं हसू ओसरलं. "मला फक्त पान काढून घ्यायचं होतं. पाहिलं तर फोन चालू. घरात स्वयंपाकघराबाहेर मी एकटा. म्हटलं, बाहेरचा चोर उभा करावा, म्हणजे घरातल्या कोणावर आळ येणार नाही. बूट हातात घातले आणि फळीवर चाललो. रुचिर खाली गेलाय हे मला ठाऊकच नव्हतं हो. काल तो गेला तेव्हा जीभ टाळ्याला चिकटली माझी. रात्रभर डोळा लागला नाही."

"पण का?"

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी काढली. उद्धवरावांनी चटकन डोळे मिटून घेतले. "उघडू नका! मला नाव दिसता कामा नये."

"वरचं झाकतो. खालचं वाचा."

उद्धवरावांनी एक डोळा किलकिला केला. पिवळ्या पडलेल्या कागदाच्या तळाशी लाल पेन्सिलीचं ठसठशीत अक्षर होतं. 'गडगडाट तीन सेकंद आधी. खुन्याचे नाव श्रोत्यांना ऐकू गेले नाही. ध्वनिपरिणाम: निशिकांत. सक्त ताकीद.'

"बारा भाग टेपवर केले होते," निशिकांतकाका सांगू लागले. "शेवटचा हौसेने थेट स्टुडिओतून. मी सव्वीस वर्षांचा. इन्स्पेक्टर म्हणतो, 'खुनी आहे...' आणि मी जो पत्रा हाणला, तो थांबेचना! नाव गेलं गडगडाटात. पुढे तो पुरावा सांगणार, तर वेळ संपली आणि बातम्या लागल्या. लोकांनी पत्रं पाठवली, पोती भरून. साहेब म्हणाले, आता उत्तर दिलं तर हसं होईल, गप्प बसा. इथे ही मुलं मला गुरुजी म्हणतात. ते लाल अक्षर त्यांनी वाचावं हे मला सोसवेना. म्हणून तर पान पाकिटात ठेवलं होतं. नव्या कागदावर उतरवून काढणार होतो. रोज बसायचो, रोज हात थरथरायचा."

उद्धवराव त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या तोंडून विचित्र आवाज निघाला, आणि ते पोट धरून हसायला लागले. पाण्यातली मुलं दंगा थांबवून बघू लागली.

"म्हणजे मामांनी ऐकलंच नव्हतं! काकूंनीही नाही! आणि तो शपथ घेणारा... अहो, एकावन्न वर्षं मला वाटत होतं की सगळ्या जगाला ठाऊक आहे आणि मी एकटाच राहिलो!"

"तुम्ही एकटे कुठले! अख्खा मुलूख राहिला," निशिकांतकाका कसनुसे म्हणाले. "आता पुरावा तुमच्याकडे आहे. उद्या काय सांगणार सगळ्यांना?"

उद्धवरावांनी डोळे पुसले. "रुचिरला मी आत्ताच फोन करतो. त्याने काही केलं नाही, एवढंच सांगेन. जाळीचं गणित त्याला पटेल, शास्त्रज्ञ आहे तो. बाकीचं तुम्ही सांगा, किंवा सांगू नका. मला एकच पाहिजे."

"काय?"

"नाव. तुमच्या गडगडाटासकट. रेडिओवर असतं तसं."

५

शनिवारी चार वाजता छोटं सभागृह भरलं होतं. पडद्यामागे गटाचं कडं करून निशिकांतकाकांनी ते लाल अक्षर स्वतः मोठ्याने वाचून दाखवलं. एक शब्दही गाळला नाही. बुटांची कथाही सांगितली. मग ते मान खाली घालून उभे राहिले.

पहिली शिवांगी फुटली. "गुरुजी! म्हणजे लाखो लोकांना तुम्ही खुनी कळूच दिला नाही? लेजंड आहात तुम्ही, लेजंड!" मग ती रुचिरकडे वळली. "सॉरी रे. मी उगाच बोलले."

"सॉरीने भागणार नाही. महिनाभर करी पफ तू आणायचेस," रुचिर म्हणाला आणि निशिकांतकाकांच्या पाया पडायला वाकला. "गुरुजी, तुमच्या त्या पावलांनी माझी खात्री पटली होती, की मीच आलो होतो. आज पत्रा मात्र तीन सेकंद नंतर."

"आज हात थरथरला तर?" निशिकांतकाका हळूच म्हणाले.

"मी शेजारी उभा राहतो," उद्धवराव म्हणाले. "खूण करतो. सुचवायचं काम माझंच आहे."

प्रयोग सुरू झाला. साठ माणसं डोळे मिटून बसली. परातीतले तांदूळ घाटातला पाऊस होऊन पडू लागले, हातभर उंचीचं दार बंगल्याच्या दारासारखं करकरलं, आवाज बदलून तिन्ही संशयित पुरुष करणाऱ्या मीनलचा चौकीदार खोकला, शिवांगीने असा हंबरडा फोडला, की पहिल्या रांगेतली एक बाई नवऱ्याला बिलगली. शेवटी निशिकांतकाकांनी ते पान रुचिरच्या हातात दिलं. रुचिरने डोळ्यांनी एक ओळ वाचली आणि त्याच्या भुवया वर गेल्या. उद्धवरावांनी ते पाहिलं आणि मान फिरवली.

"मंडळी," इन्स्पेक्टर म्हणाला, "या बंगल्यातून आता कोणी बाहेर जाणार नाही. कंत्राटदाराचा खुनी आहे..."

निशिकांतकाकांचा हात पत्र्याकडे गेला. उद्धवरावांनी आपला तळवा उचलून धरला. थांबा. थांबा.

"...पोस्टमास्तर!"

उद्धवरावांचा तळवा खाली आला. निशिकांतकाकांनी दोन्ही हातांनी पत्रा हाणला, आणि अख्ख्या घाटावर आभाळ कोसळलं. मग पत्रा छातीशी कवटाळून त्यांनी तो एका क्षणात शांत केला.

"हॅट्! शक्यच नाही!"

हे कोणीतरी ओरडलं होतं. साठ जणांनी डोळे उघडले. मायक्रोफोनपासून दोन हातांवर उभे असलेले, आयुष्यात चारचौघांत कधी आवाज न चढवलेले उद्धवराव लालबुंद होऊन हातवारे करत होते. "पोस्टमास्तर कसा असेल? तो तर चौथ्या भागात तालुक्याला गेला होता! डॉक्टरच आहे तो, मी पहिल्यापासून सांगतोय!"

मीनलने कपाळावर हात मारला. निशिकांतकाकांच्या कुशीत पत्रा हसण्याने थरथरायला लागला होता. रुचिर मात्र इन्स्पेक्टर होता. त्याने पान खाली घेतलं नाही, आवाजही बदलला नाही. फक्त उद्धवरावांकडे वळून म्हणाला, "काका, तालुक्याला गेला होता, असं सांगितलं कोणी?"

उद्धवरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. विचार केला. चौथा भाग सबंध आठवला, शब्द न् शब्द. सांगितलं होतं खुद्द पोस्टमास्तरानेच.

"अरेच्चा," ते म्हणाले.

प्रेक्षकांत हशा पिकला. मागून कोणीतरी ओरडलं, "पुढे! पुढे!" निशिकांतकाकांनी पायानेच एक स्टूल पुढे सरकवलं. उद्धवराव त्यावर बसले, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटून घेतले.

"तर ऐका," इन्स्पेक्टर म्हणाला, आणि पुरावा सांगू लागला.